शिवलेली पानं

“धन्यवाद म्हण वो बाई. देवानं देल्लं, देवानं नेलं. धन्यवाद म्हण.”

हे ऐकून ऐकून आनंदाबाईच्या तळपायाची आग मस्तकात जाऊ लागली होती. तिला स्वतःला कोणी असं म्हटलं असतं, तर ते माणूस पुन्हा त्या गल्लीत शिरलं नसतं. पण लोक म्हणत होते तिच्या सुनेला, चंद्रकलेला. आणि चंद्रकला खाली मान घालून ऐकून घेत होती.

रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत चंद्रकलेची चार वर्षांची पोरगी, प्रतीक्षा, बोडीत बुडाली. बोडी म्हणजे धानाच्या बांध्यांना पाणी द्यायचं शेतातलं छोटं तळं. आंबागडच्या किल्ल्याखाली अशा बोड्या जागोजागी आहेत, आणि पोरं त्यांच्या काठीच वाढतात. चंद्रकला तिथंच बांधीत वाकून रोप लावत होती. दहा बायका होत्या, गाणं चालू होतं. पोरगी बोडीच्या पाळीवर, काठच्या बांधावर, बसून भात खात होती, मग ती तिथं नव्हती. चूक म्हणाल तर कोणाचीच नाही, आणि म्हणूनच जो तो शहाणपण शिकवायला मोकळा.

चार महिने झाले, चंद्रकला रडली नाही. बोलणंही हो-नाहीपुरतं. जेवायला बसवलं तर दोन घास, नाहीतर तेही नाही. नवरा धर्मेंद्र मॅंगनीजच्या खाणीत कंत्राटावर. तो बिचारा सकाळी जो निघे तो अंधार पडल्यावर परते, कारण घरात बसवेना. आणि आनंदाबाईनं दोनदा सुनेला भर दुपारी बोडीच्या काठावर उभी पाहिली. हातात कळशी नाही, धुणं नाही. नुसती उभी. दुसऱ्या वेळी तिनं तिला दंडाला धरून ओढत घरी आणलं आणि तेव्हापासून स्वतः कुठं जायचं म्हटलं तरी शेजारणीला बसवून जाई. पोरगी गेली ती गेली, आता ही जाते की काय, ही एकच भीती तिच्या पोटात होती. आणि आनंदाबाईला भीती वाटली की तिचा राग होतो. तिला दुसरं काही येतच नाही.

तिचा राग तसा पंचक्रोशीला ठाऊक. नाकाडोंगरीहून लग्न होऊन आली तेव्हा सतराची होती. तिसऱ्या दिवशी सासऱ्यानं भाजी खारट झाली म्हणून ताट भिरकावलं, तर नवी नवरी म्हणाली, “ताट कायले फेकता? तोंडानं सांगता नाही येत का?” सासू तीन दिवस कपाळाला हात लावून बसली होती. आज बासष्ट वर्षांची झाली, नवरा गेला, केस पिकले, तोंडाचा पट्टा तसाच.

घर तिनं बिडीवर चालवलं. तेंदूची पानं भिजवायची, कैचीनं कापायची, मांडीवर सूप घेऊन दुपारभर वळायची, दोऱ्यानं बांधायची. बांधायचा तिचा हात सगळ्यांत साफ, बिड्या तपासणाराही तिच्या मालावर बोट ठेवायला बिचकायचा. अक्षर मात्र एक येत नव्हतं. आणि ते आलं, तेही रागातूनच आलं.

चर्चच्या त्या वेळच्या पाळकांशी तिचं भर सभेत वाजलं. कशावरून, ते आता कोणाला आठवत नाही. ते म्हणाले, “बाईनं मंडळीत गप्प राहावं असं शास्त्रात लिहिलंय.” ती म्हणाली, “कुठं लिवलंय? दाखवा.” त्यांनी खरंच बायबलाचं पान उघडून तिच्यापुढं धरलं. तिला काळं-पांढरं दिसलं, बाकी काही नाही. पोरं हसली. घरी येऊन तिनं धर्मेंद्रची पहिलीची पुस्तकं पुढ्यात ओढली. वय चौतीस. “ह्या लोकायनं मले अजून काय काय सांगून ठेवलं, ते मी आता सोता पाह्यतो,” म्हणाली.

तीन वर्षं लागली. पण बापा, जेव्हा वाचायला आलं, तेव्हा त्या एका ओळीच्या मागंपुढं काय काय निघालं! देव रागावतो, चांगला सणकून रागावतो. संदेष्टे राजाच्या तोंडावर त्याची लक्तरं काढतात. येशू देवळात शिरतो आणि बाजार मांडून बसलेल्यांची मेजं उलथी करतो. हे शेवटचं तिनं लागोपाठ तीन वेळा वाचलं आणि एकटीच हसत बसली. “हा त माह्याच वाणाचा निंगाला वो,” तिनं शेजारच्या कलाबाईला सांगितलं. जन्मभर सगळ्यांनी तिला एकच सांगितलं होतं, गप बैस. सासऱ्यानं, नवऱ्यानं, पाळकानं. आणि ज्यानं आभाळ केलं तो मात्र तिच्याशी बोलत होता, तिला कळेल अशा मराठीत, पानांमागून पानं. याचे उपकार ती कधी विसरली नाही. माणसांशी ती रोज भांडली, पण त्या पुस्तकापुढं बसली की तिचा आवाज उतरायचा.

दुपारी कलाबाईच्या ओसरीत सहा-सात बायका बिड्या वळायला जमत. सगळ्या हिंदू घरच्या. आनंदाबाई आपलं लहान अक्षरांचं शास्त्र घेऊन बसे आणि मोठ्यानं वाचे. वाचताना हात थांबतात, म्हणून प्रत्येक बाई आपल्या बिड्यांतलं एक बंडल तिच्या सुपात टाकी. हे कोणी ठरवलं नव्हतं, पंचवीस वर्षं असंच चालत आलं होतं. कलाबाई पक्की गणपतीची, सोमवार-चतुर्थी करणारी. पण कथा अर्ध्यावर राहिली तर दुसऱ्या दिवशी आनंदाबाईच्या आधी तीच हजर.

नोव्हेंबर सरता सरता तीच कलाबाई हातातली बिडी न वळता म्हणाली, “आनंदाबाई, एक इचारू का? तुह्या देवाच्या पुस्तकात कोणी रडतच नाही का वो?”

“काहून?”

“नाही, सुनेले सारे जन धन्यवाद म्हन, धन्यवाद म्हन करून राहिले. तुह्यावाल्या पुस्तकात रडाची सोयच नसन, असं वाटते मले.”

आनंदाबाईनं पुस्तक मिटलं. त्या दुपारी ती पुढं वाचू शकली नाही, आणि बायकांना वाटलं की तिला कलाबाईचा राग आला. राग आलाच होता. पण कलाबाईचा नाही, स्वतःचा.

त्याचं कारण सांगतो. या वस्तीत ख्रिस्ती घरं अकरा, आणि त्यांचं कौलारू चर्च एक. चर्चमध्ये एक मोठं शास्त्र आहे, जुनं, दोन हातांनी उचलावं लागणारं. आनंदाबाईच्या लग्नाला चार-पाच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. मंडळीचे पंच टिकारामजी, त्यांच्या पहिल्या लेकराचा बाप्तिस्मा होता. पाहुणे म्हणून कोणी वाचायला उभे राहिले, त्यांनी पान उलटलं आणि जे आलं ते वाचलं. निघालं एक रडगाणं. देवा, तू मला खड्ड्यात टाकलंस, अंधारात टाकलंस, असलं काहीतरी. लोक चुळबुळले. आठ दिवसांत लेकरू तापानं गेलं.

झालं! देव बदलला तरी आजीची शिकवण कुठं जाते? अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, हे यांच्या रक्तातच मुरलेलं. पंचांची बैठक बसली. मोठ्या शास्त्रातली अशी जी जी रडकी, अभद्र पानं, ती वाचली जाऊ नयेत असं ठरलं. फाडणार कशी? देवाचं वचन ते. मग टिकारामजी पुस्तक घेऊन आले ते आनंदाबाईच्या दारी. “तुह्या हात साफ हाय. हे पानं शिवून दे, पन कागद फाटला नाही पायजे.”

आणि तिनं शिवली. बिडीच्या दोऱ्यानं, बारीक सुईनं, कडेकडेनं, दोन-दोन पानं एकमेकांना. नऊ ठिकाणी. काय शिवतोय ते तिला वाचता येत नव्हतं. टिकारामजींच्या बायकोनं चहा पाजला, चार जणींत कौतुक झालं, आणि आनंदाबाई आठवडाभर फुशारून होती.

पुढं वाचायला आल्यावर आपल्या लहान पुस्तकात तिला ती पानं एकेक करून भेटली. तेव्हा तिला कळलं की आपण काय शिवलं. आणि ही एवढी तोंडाची फटकळ बाई मूग गिळून बसली. का? कारण तोवर तिला धर्मेंद्र झालेला होता. लेकरू असलं की माणूस भितं. ओसरीत वाचतानाही ती ती पानं गुपचूप ओलांडून जायची. म्हणून तर कलाबाईला पंचवीस वर्षांत रडणारं कोणी भेटलं नव्हतं.

आता तिला रात्रंदिवस एकच गोष्ट खात होती. पानं शिवलेली होती, चाळीस वर्षं कोणी वाचली नव्हती. तरी पोरगी गेलीच की! मग कशाला शिवली? कोणाचं भलं झालं त्यानं?

डिसेंबरचा पहिला रविवार म्हणजे मंडळीचा शास्त्राचा सण. नवं धान घरात आलेलं असतं. मोठं शास्त्र सुपात नव्या धानावर ठेवतात, झेंडूचा हार घालतात, वाजतगाजत चर्चभोवती फिरवतात. मग प्रत्येक घरातलं एक जण पुढं येऊन त्यातलं काही वाचतं आणि देव आपल्याशी बोलला म्हणून सगळ्यांदेखत त्याचे उपकार मानतं. मागून सगळ्यांचं जेवण.

आताचे पाळक, पास्टर तेजराम, तुमसरहून मोटरसायकलवर येत. वयानं तरुण, मनानं वाईट नव्हेत. नुकते दोन वर्षांपूर्वी आलेले, त्यांना शिवलेल्या पानांचं काही ठाऊक नव्हतं. शनिवारी ते घरी आले आणि चंद्रकलेच्या हातात चिठ्ठी दिली. “ताई, या वेळी तुमच्या घरून तुम्ही वाचा. सोप्या चार ओळी आहेत, आनंदाच्या. वाचा आणि फक्त धन्यवाद म्हणा. मन हलकं होईल.”

चंद्रकलेनं चिठ्ठी घेतली. आनंदाबाईनं तिच्या तोंडाकडं पाहिलं. बोडीच्या काठी होतं तेच तोंड.

रविवारी चर्च भरलं होतं. दहा घरं वाचून झाली, दहा वेळा हल्लेलुया झालं. मग पास्टरनी नाव घेतलं. चंद्रकला उठून मोठ्या शास्त्रापुढं जाऊन उभी राहिली. चिठ्ठीतलं पान पास्टरनीच काढून ठेवलं होतं. ती वाचेना. लोक वाट पाहत राहिले. पहिल्या ओळीतल्या बायका हळूच म्हणू लागल्या, म्हण बाई, म्हण. पास्टर वाकून म्हणाले, “नुसतं धन्यवाद म्हटलं तरी चालेल, ताई.”

चंद्रकलेचे ओठ हलले. आवाज निघाला नाही. ती खरंच म्हणणार होती, हे आनंदाबाईनं पाहिलं. चार महिन्यांत सगळ्यांनी मिळून तिच्या गळ्याशी आणून ठेवलेलं ते खोटं ती आता म्हणणार, आणि म्हटलं की संपलं. मग तिच्यापाशी देवाला सांगायला काही उरणार नाही.

आनंदाबाई उठली. कमरेच्या पिशवीतून तिनं बिडीची कैची काढली.

“काय करून राहिली तू?” टिकारामजी पहिल्या बाकावरून म्हणाले. ऐंशीला आलेले, काठी टेकत उभे राहिले. नात्यानं ते तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले चुलतभाऊ. भासऱ्यापुढं या गावात बाई मान वर करत नाही, बोलायचं तर भिंतीकडं पाहून बोलते. आनंदाबाईनं पंचेचाळीस वर्षं हा एक नेम पाळला होता.

आज तिनं त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. “मी शिवलं होतं, जी. मीच उसवून राहिली.”

“अभद्र हाय ते, आनंदा. लेकरं बसले हायेत मंडळीत. माह्या घरी काय झालं ते तुले मालूम नाही का?”

“मालूम हाय. अन माह्या घरी काय झालं ते तुमाले मालूम हाय. पानं त शिवूनच होते ना? मंग माह्यी पोट्टी कशी गेली, सांगा.”

टिकारामजी काठीवर भार देत परत बाकावर बसले.

“देव बोलला म्हनून हार घालता, वाजा वाजवता,” आनंदाबाई म्हणाली, आणि आता ती एकट्या टिकारामजींशी बोलत नव्हती, “अन जे बोलला त्यातलं तुमाले आवडलं नाही ते शिवून टाकता. मीबी तुमच्यातलीच. मी त शिवलं, अन वाचाले आल्यावर बी तोंड दाबून बसली. शरम वाटते मले. तुमाले वाटत नसन त नका वाटू देऊ.”

पास्टर तेजराम मध्ये यायला गेले. तिनं त्यांच्याकडं असं पाहिलं की ते जागीच थांबले. तिनं पानं उलटली. जागा तिला पाठ होती. चाळीस वर्षांचा दोरा पिवळा पडला होता, पण टाका एक सुटला नव्हता. तिचाच हात तो. तिनं कैचीचं टोक घातलं आणि एकेक टाका कापत गेली. सगळं चर्च तो बारीक आवाज ऐकत होतं.

मग तिनं वाचलं. आधी छापलेलं पुस्तकी मराठी वाचलं, आणि मध्येच थांबून, ओसरीत बायकांना समजावून सांगे तसं, सुनेकडं पाहत आपल्या बोलीत सांगू लागली.

“हा मानूस देवाले म्हनते, दिवसभर मी तुले हाका मारून राहिलो. माह्या जीव दुखानं भरला. तूनच मले खोल खड्ड्यात टाकलं. तुह्या राग पान्यावानी माह्यावरून गेला, पान्यानं मले चारी बाजूनं घेरलं...”

‘पाणी’ म्हटल्याबरोबर चंद्रकलेनं मान वर केली.

“देवा, तू तोंड काहून लपवून राहिला? माह्यं जीवाचं मानूस तून दूर केलं. आता अंधारच माह्या सोबती हाय.”

ती थांबली. पास्टर हलक्या आवाजात म्हणाले, “मावशी, पुढचं वाचा. शेवटी सांत्वन असेल.”

“पुढं काई नाही.”

“असेल की.”

“नाही म्हटलं ना,” आनंदाबाई म्हणाली आणि पुस्तक त्यांच्याकडं फिरवलं. “पाहा. इथंच सरलं.”

पास्टरनी पाहिलं. खरंच तिथं संपलं होतं. ते पान ते शिकले असतील, परीक्षेत लिहिलंही असेल. पण त्या दिवशी त्यांनी त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते मागं सरले.

“माय,” चंद्रकला म्हणाली. आवाज घोगरा, न वापरल्यासारखा. “मंग देवानं त्याले काय म्हटलं?”

आनंदाबाईला क्षणभर खोटं सांगावंसं वाटलं. एखादी गोड ओळ दुसरीकडून आणून इथं जोडावी, पोरीला आधार होईल. पण शिवायचं काम तिनं एकदा केलं होतं, आता जोडायचं करणार नव्हती.

“इथं त काई नाही म्हटलं,” ती म्हणाली. “पन त्यानं असं बोललेलं देवानं खोडलं नाही. आपल्या सोताच्या पुस्तकात राहू देल्लं. तुह्यासाठी अन माह्यासाठी.”

चंद्रकलेनं हातातली चिठ्ठी खाली टाकली.

“मी धन्यवाद नाही म्हनत.”

“नको म्हनू.”

“मले त्याले इचाराचं हाय.”

“इचार.”

चंद्रकलेनं वर पाहिलं, कौलांकडं, आणि तिचा आवाज फुटला. “माह्या हातात एक मूठ रोप होतं. म्हटलं हे लावतो, मंग पोरीकडं पाह्यतो. एकच मूठ होती. मले नाही दिसली, माह्यी पाठ होती. तुले त दिसत होती ना? तू त पाहून राहिला होता ना? मंग तून काहून नाही उचललं तिले? सांग ना. काहून नाही उचललं?”

तिला शिव्या येत होत्या तेवढ्या तिनं दिल्या, देवाला, पाण्याला, स्वतःच्या हातांना. आणि मग ती त्या मोठ्या पुस्तकावर वाकून रडली, चार महिन्यांचं सगळं एकदम, पाठ गदगदून. मागच्या बाकावर धर्मेंद्र तोंडात रुमाल कोंबून रडत होता. एक म्हातारी उठून “धीर धर बाई, देवाची इच्छा,” म्हणायला पुढं निघाली, तर टिकारामजींनी काठी आडवी धरून तिला खाली बसवलं. “बोलू दे तिले,” ते म्हणाले. त्यांचेही डोळे गळत होते.

घराच्या वतीनं उपकार मानायचे राहिले होते. ते आनंदाबाईनं मानले. हात जोडले नाहीत, डोळे मिटले नाहीत, रागानंच बोलली. “देवा, तुह्यावर मी लय नाराज हाय अन आजच्यानं ते सरनार बी नाही. पन तुह्याशी भांडाचे शब्द बी तूनच लिवून ठेवले, आमच्यापाशी त तेबी नव्हते. तुह्ये उपकार हायेत. आमीन.”

स्वयंपाकघरातून भाताचा वास येत होता आणि बाहेर कुत्री पत्रावळींची वाट पाहत बसली होती. चंद्रकलेनं पदरानं नाक पुसलं, ओलं झालेलं पान हातानं सपाट केलं आणि सासूच्या दंडाला धरून तिला पुस्तकाजवळ ओढलं.

“माय, पह्यल्यापासून वाच,” ती म्हणाली. “या डाव मी तुह्या मांगं मांगं म्हनतो.”